तांड्याच्या वाटेचे टायर

औंढा नागनाथच्या पलीकडं टेकडीवर सेवा राठोडचा तांडा आहे. तिथं वाट सांगायची एक रीत आहे. तांड्यावर यायचं कसं, असं कुणी विचारलं तर माणसं टेकडीच्या पायथ्याच्या चिंचेपासून सुरुवात करतात. चिंचेपासून डावीकडं वळा, मग दगडाचा चढ, मग सेवालाल महाराजांच्या देवळाचा झेंडा. चिंचेच्या अलीकडं डांबरी फाट्यापर्यंत अर्धा कोस काळ्या मातीची रानं लागतात, पण ती खालच्या गावची. दुसऱ्याच्या रानातली वाट आपण काहून सांगायची? आज्या-पणज्यापासून असंच चालत आलेलं. पावसाळ्यात सेवाची जीपसुद्धा फाट्यावर छपराखाली उभी राहायची आणि माणसं चपला हातात घेऊन बांधाबांधानं घर गाठायची.

गेल्या श्रावणात तांड्याचा पहिलावहिला सप्ताह झाला. काल्याचं कीर्तन गंगूताईंचं ठरलं होतं. गंगूताई म्हणजे नागनाथाच्या सेवेतल्या घरातल्या, वय सत्तरीच्या पुढं. गळा मात्र असा, की वीणेची तार आधी वाजली की ताई, ते कळू नये. त्या आठवड्यात पावसानं ओढ दिली होती, म्हणून सेवा जीप घेऊन आणायला गेला. चढावर झिजलेला टायर धारदार दगडानं उभा फाटला, स्टेपनीही तसलीच झिजलेली. ताई दोन तास दगडावर बसून राहिल्या. वर काल्याची वेळ टळली, लोकांनी कीर्तनावाचूनच दहीहंडी फोडली. ताई खालूनच परतल्या. जाताना म्हणाल्या, "पुढच्या श्रावणात येईन एकदा. गुडघ्यांनी तेवढंच वर्ष कबूल केलंय."

सेवानं झेंड्याखाली उभं राहून सगळ्यांदेखत शब्द दिला: पुढच्या काल्याला ताई वर येतीलच, मी आणीन.

तर उन्हाळ्यात तो वसमतला सूर्यकांतच्या दुकानी गेला. सूर्यकांतचा सारा जन्म टायरांत गेला होता. त्यानं जीपकडं पाहिलंसुद्धा नाही.

"रस्ता सांगा, सेवाभाऊ."

"शेठ, गाडी तर बघा. फोर व्हील हाय, मिल्ट्रीच्या निलामातली."

"असंल. टायर गाडीला न्हाई घालायचे, जमिनीला घालायचे. डांबरावर बारीक नक्षीचा चालतो. दगडाला रुंद पाहिजे, जाड गालांचा, म्हंजी बाजूनं जाड. हवा जरा कमी ठेवली की दगडाला धरून चढतो. चिकणमातीला अरुंद पाहिजे. मोठाली बटणं, मधी बोट जाईल एवढी फट. फिरता फिरता चिखल फेकून देतो."

"तिन्हीला चालंल असा एक द्या की."

"जावई शोधून राहिले का? सगळे गुण एकात कुठं घावतेत? बोला, रस्ता कसला?"

सेवानं तांड्याच्या रीतीनं सांगितलं, "चिंचेपासून दगड. वरपर्यंत नुसता दगड."

"चिखल?"

"चढावर कुठला चिखल, शेठ? पाणी ठरतच न्हाई."

यात लबाडी काहीच नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं रस्ता उभा राहिला तो चिंचेपासूनच.

रुंद, जाड गालांचे, दाट नक्षीचे चार टायर चढले. जीप चढावरून अशी वर गेली, की सेवानं विनाकारण तीनदा खालीवर केली. रोज सकाळी तो फडक्यानं टायर पुसायचा. बायको जिवनबाई म्हणायची, "नवरदेवाला हळद लावून राहिले जणू! कधी माझ्या पाट्यावरवंट्यालाबी लावा हात." म्हाताऱ्या बापानं, थावरानं, काठीनं टायर टोचून पाहिला. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलेलं, त्यानं स्वतः कापसाच्या गाड्या हाकलेल्या.

"म्हशीचं पाऊल दिसून राहिलं पोरा, रुंदच्या रुंद."

"असू द्या बा. चढतंय बराबर."

काल्याआधी चार दिवस झड लागली. काल्याच्या सकाळी ती थांबली. सेवा बांधाबांधानं फाट्यावर गेला आणि छपराखालची जीप काढून ताईंच्या दारी पोचला. ताई पुढं बसल्या, मांडीवर वीणा; मागं मृदंगवाला आणि दोन टाळकरी. डांबरावर जीप मजेत चालली. फाटा आला, सेवानं गाडी वळवली आणि तेव्हा कुठं, आयुष्यात पहिल्यांदा, ते भिजलेलं काळं रान त्यानं ड्रायव्हरच्या नजरेनं पाहिलं.

शंभर पावलंही गेली नसतील. नक्षीच्या बारीक फटींत काळी माती भरली, तिच्यावर आणखी माती बसली, आणि चारी चाकं पुरणाच्या उंड्यासारखी गोल, गुळगुळीत झाली. इंजिन ओरडत होतं, चाकं फिरत होती, जीप जागच्या जागी. सेवानं फोर व्हील टाकलं, मागं घेतलं, पुढं घेतलं. शेवटी इंजिन बंद केलं.

ताईंनी काचेतून खाली पाहिलं. "सेवा, हा चिखल तुझ्या हिशेबात नव्हता का रे?"

"न्हाई ताई. आमी रस्ता चिंचेपासून धरतो."

"आणि मी काय चिंचेवर राहते?"

मागं टाळकरी खो खो हसले. सेवाला हसू आलं नाही. अकराला काला, आणि पावणेदहा होऊन गेले होते. ताईंना उतरवावं, तर अर्धा कोस चिखल त्यांच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता.

अडकलेली जीप टेकडीवरून दिसली होती. थोड्या वेळात थावरा दहा-बारा माणसं घेऊन खाली आला. खांद्यावर बैलगाडीची चऱ्हाटं होती, जाडजूड. तो रागावला नाही. चाकापाशी उकिडवा बसला.

"बैलाचा खूर काळीत खाली उतरतो. टणक लागलं की बोटं फाकून जोर घेतो, मग उचलतो. तुझी म्हैस वरच लोळून राहिली. खुरपं आणा रे."

खुरप्यांनी माती खरवडली. चऱ्हाट चाकाच्या डिस्कच्या भोकांतून ओवून टायरवर आडवं गुंडाळलं, गाठी बाहेर. पहिल्या झटक्यात एक दोर तुटला. थावरा म्हणाला, दुहेरी घ्या. दुहेरी घेतला. माणसं मागं लागली, पण कुणी आता जोर लावी, कुणी मग. तेव्हा ताईंनी काच खाली केली. "टाळ धरा रे," त्या टाळकऱ्यांना म्हणाल्या, आणि बसल्या जागी विठ्ठलनाम सुरू केलं. ठेक्याच्या समेवर सगळ्यांचा जोर एकदम पडू लागला. दोरांची कड मातीत रुतून खालचं टणक धरू लागली. जीप हातभर सरकली, मग पावलं पावलं चालली. मागच्यांची तोंडं चिखलानं ओळखू येईनात.

चिंचेपाशी दोर सोडले. पुढं दगड. सूर्यकांतचे टायर त्यावर असे चढले, जसं काही झालंच नव्हतं.

वर सव्वाअकरा झाले होते. दोघे-तिघे हंडीकडं बघून कुजबुजत होते, पण हंडीखाली जिवनबाई कमरेला पदर खोचून उभी होती. "मागल्या साली ताईबिगर फोडली तेवढी बास. यंदा ताईचा शब्द होईस्तर हात लावाल तर हात मोडीन," असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं.

ताई खुर्चीवर बसूनच उभ्या राहिल्यासारख्या गायल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "देवाला आपण बोलावतो, ये म्हणतो. वाट सांगतो ती आपल्या दारापासून. तो जिथून निघतो तिथं चिखल किती, हे विचारलं का कधी कुणी?" सगळा मंडप सेवाकडं बघून हसला. सेवा पायाच्या अंगठ्यावरची वाळलेली माती खरवडत राहिला. हंडी फुटली, दह्या-लाह्यांचा काला हातोहात गेला.

पुन्हा चऱ्हाटं बांधून सेवानं ताईंना घरी पोचवलं. जीपमधून उतरताना ताईंनी विचारलं, "पुढच्या श्रावणात?"

"गुडघे काय म्हणतेत?"

"ते अजून काही बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी सेवानं सूर्यकांतला फोन लावून घडलं ते सांगितलं. रुंद टायर परत घेतो, डोंगरकड्याकडं एका खडीवाल्याच्या जीपला चालतील, तुम्हाला दुसरे देतो, असं सूर्यकांत म्हणाला. मग त्यानं पुन्हा तेच विचारलं, "रस्ता सांगा."

सेवानं चिंचेकडं पाहिलं. तिच्या पलीकडं काळं रान होतं, त्याच्या पलीकडं फाटा.

"सांगतो शेठ," तो म्हणाला. "गंगूताईच्या उंबऱ्यापासून सांगतो. येळ लागंल, बसून घ्या."