सनईवाल्याचा दम

मित्रांनो, मला पाहून कुणी शेगडी म्हणतं, कुणी जुना इन्व्हर्टर. पण मी आहे तबकडीचा बारीक आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर. माझ्या डोक्यावर काचेचे व्हॉल्व्ह आहेत. बटण दाबलं की ते निखाऱ्यासारखे हळूहळू लाल होतात. कोपरगावात तंबूतली टॉकीज बंद पडली आणि तिचं सामान भंगारात निघालं. बेलापूरच्या बाबाजान टेलरनी त्यातून मला उचललं, जोडलं, बोलतं केलं.

बाबाजानचा एक नेम होता. रविवारी दुपारी दुकानात मंडळी जमली की मला चालू करायचं आणि मी तापेपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. "मशीन जागं हुतंय, गप बसा," ते म्हणायचे. मग सनईची तबकडी लागायची. सनईवाला मध्येच दम घ्यायचा, तोसुद्धा ऐकू यायचा! मंडळींच्या अंगावर काटा यायचा. "ही ऊब नव्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डब्यात न्हाई," असं बाबाजान म्हणाले की मी फुलून जायचो.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेले वायरमन आबासाहेब मात्र मिशीत हसायचे. "मीटर लावून बघितलंय, बाबाजान. काय बी फरक न्हाई." एका रविवारी त्यांनी माझ्यापुढे चादर बांधली. मी तापलो, सगळे गप्प बसले, सनई लागली. "व्हय, हीच ती ऊब!" बाबाजान डोळे मिटून म्हणाले. आबासाहेबांनी चादर ओढली. मी नुसताच पेटलेला होतो. वाजत होता माझ्या शेजारी आबासाहेबांनी आणून ठेवलेला तसलाच तळहाताएवढा नवा डबा.

कुणी हसलं नाही, तेच बाबाजानना जास्त लागलं. "म्हंजे माझे कानच खोटे," एवढंच ते बोलले. मला पोत्यात गुंडाळून त्यांनी कपाटावर टाकलं. भंगारवाला आला की द्यायचं, असं ठरलं. पोत्यात मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

पुढच्या रविवारी डब्याचं बटण दाबताच सनई सुरू झाली. पोत्याच्या फटीतून मला दिसत होतं, कुणी मोबाईल पाहत होतं, कुणी कांद्याच्या भावावर बोलत होतं. तबकडी संपली.

"सनईवाल्याचा दम ऐकला का कुनी?" बाबाजाननी विचारलं.

कुणीच ऐकला नव्हता. आबासाहेबांनीही नाही! डबा तोच, तबकडी तीच. ते चक्रावून बसले. मग स्वतः स्टुलावर चढले, मला खाली घेतलं आणि शर्टाच्या बाहीनं माझ्या काचा पुसल्या.

"कान खरे हायेत तुमचे, बाबाजान. ह्यो तापतो तवर आमी गप बसतो, म्हनून ऐकू येतं. मीटरला ते कसं कळनार? लावा बटन."

मी पेटलो. खोलीतला एकेक आवाज विरत गेला. आणि सनईच्या दोन सुरांमध्ये तो दम आला. बाबाजानचा हात आबासाहेबांच्या गुडघ्यावर होता. जे मी माझं समजत होतो ते या माणसांचंच होतं, हे पाहून मी थक्क झालो. आजही होतो.

आता कधी मी वाजतो, कधी डबा. कोण वाजतंय हे कुणी विचारत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी माळ्यावर पडलं असेल तर त्याची धूळ तेवढी पुसा, मित्रांनो. आणि गाणं लावण्याआधी थोडं गप्प बसा. पलीकडे कुणीतरी श्वास घेत असतं.