तुरीच्या डब्यातली चाबी

"थांबा मारोतीभाऊ, चाबी काढून आणते. तुरीच्या डब्यात आहे," असं म्हणून कुसुमताई दाणी स्वयंपाकघरात गेल्या आणि मारोती शेंडे ट्रेडमिलपुढे गुडघे टेकून बसला. चार वाजता भनपुरीचा दयाराम नावाचा ट्रान्सपोर्टवाला मशीन बघायला येणार होता. त्याआधी तेलपाणी करून ती नीट चालवून ठेवायची, एवढंच आजचं काम होतं. निदान तात्यापारा वस्तीतल्या या घरापर्यंत येताना मारोतीने स्वतःला तसं दहादा बजावलं होतं.

सतरा वर्षं तो रायपूरभर ट्रेडमिल दुरुस्त करत फिरत होता. त्याआधी उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये असताना पायावर सळई पडली, तेव्हापासून तो लंगडतो. गावातल्या धावणाऱ्यांची मशीन्स एक लंगडा सांभाळतो, यावरचा पहिला विनोद तो स्वतःच करायचा. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांची त्याला चांगली पारख होती. भारी बूट, मनगटातलं पावलं मोजणारं घड्याळ, कपाळाची पट्टी, सगळी खरेदी एका दिवसात होते. तिसऱ्या महिन्यात मशीनवर टॉवेल वाळत असतात. अशा सगळ्यांना तो निघताना एकच गोष्ट सांगायचा, "मशीन बंद नका ठेवू साहेब. बेल्ट वाळते."

कुसुमताईंचे यजमान शिशिर दाणी साहेब मात्र खरेखुरे धावणारे निघाले. सिंचन विभागातून निवृत्त झाल्यावर माणसाला जे सुचू नये ते सगळं त्यांना सुचलं. नव्या रायपूरला जाऊन दोनदा गोल्फ खेळून आले, आणि घरात काठीचा फटका सुधारता सुधारता हॉलची ट्यूबलाइट फोडली. ट्रेडमिल आली तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या, "चला, ही तरी जागची हलत नाही." ते रोज पहाटे तिच्यावर धावायचे आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी मारोतीला शेजारी बसवून स्वतःच्या हातचा चहा पाजायचे. त्याला 'अहो शेंडे' म्हणणारं रायपुरात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. दीड महिना धावायचं नावसुद्धा काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. कुसुमताईंनी घरी येताच मशीनची लाल चाबी काढून लपवली. ही चाबी म्हणजे दोरी बांधलेला प्लास्टिकचा तुकडा. तो खाचेत बसल्याशिवाय पट्टा फिरत नाही.

चारच दिवसांनी साहेबांचा फोन आला होता. मारोती भनपुरीच्या चौकात टपरीवर पोहे खात होता.

"अहो शेंडे, चाबी हिनं लपवून ठेवली. दीड महिना बेल्ट असाच पडला तर वाळून जाईल ना?"

"वाळंल ना साहेब. रिकामी चालवत जा दहा मिनिटं."

"पण चाबी?"

"तिच्यात नुसतं मॅग्नेट राहते, साहेब. फ्रिजवरचं एखादं लावून पाहा. दमदार असंल तं चालते."

ते हसले होते. "तुम्ही मोठे इंजिनिअर आहात, शेंडे." मारोतीला त्या वाक्याचा दिवसभर आनंद झाला होता. त्याला खरोखर त्या बेल्टचीच काळजी वाटली होती, दुसरं काहीही मनात आलं नव्हतं.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी कुसुमताई देवळातून परतल्या तेव्हा साहेब मशीनशेजारच्या खुर्चीत बसले होते. मान कलली होती, गळ्यात टॉवेल होता. ट्रॅकपँटच्या खिशात पुरीहून आणलेला छोटा जगन्नाथ सापडला, जो एरवी फ्रिजला चिकटलेला असायचा. तेरवीला त्या येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, "चाबी माझ्याजवळ होती. मशीनले त्यांनी हातबी नाही लावला. समजलं असंल त्यांना, म्हणून देव खिशात घेऊन बसले." जगन्नाथ त्यांनी देवघरात ठेवला होता. पंगतीत बसलेल्या मारोतीने हे ऐकलं आणि वाढलेलं पान तसंच ठेवून तो उठला. पोट बिघडलंय, असं त्याने सांगितलं.

तेव्हापासून त्याने एकाही गिऱ्हाइकाला बेल्टचं वाक्य ऐकवलं नव्हतं.

आता त्याने पट्टा उचलून खाली तेल सोडलं, दोन्ही बाजूंनी फडकं फिरवलं. मोटरच्या झाकणावर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती. मार्चमध्ये, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केलेली सर्व्हिस आणि तेव्हाचा आकडा, तीनशे एक्कावन्न किलोमीटर. तेल पसरायला पट्टा फिरवणं भाग होतं. मारोतीने खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, खाचेत टाकलं आणि बटण दाबलं. सतरा वर्षं प्रत्येक घरात तो हेच करत आला होता. लोकांच्या चाब्या सापडेपर्यंत अर्धा तास जातो, म्हणून त्याने ही सवय लावून घेतली होती. हाताने ते केलं. डोकं भलतीकडेच होतं. पट्टा सुरू झाला. पडद्यावर आकडा उमटला, चारशे बारा.

एकसष्ट किलोमीटर. दहा मिनिटं हळूहळू रिकामी चालवून एकसष्ट होत नाहीत.

"मारोतीभाऊ."

कुसुमताई दारात उभ्या होत्या. बोटांना तुरीची भुकटी लागली होती आणि त्या बोटांत लाल चाबी होती.

"चाबी तं माझ्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "मशीन काहून चालून राहिली?"

 बंद करायचं बटण हाताशी होतं, पण ते मारोतीला दिसेना.

"मॅग्नेट लावलं, ताई. आमच्याजवळ राहते."

"मॅग्नेट." त्या जवळ आल्या. खाचेतल्या काळ्या गोल तुकड्याकडे त्यांनी वाकून पाहिलं. "तुमचंच लागते का? का कोणतंबी चालते?"

इथे एक खोटं बोलता आलं असतं. आमचं खास राहते ताई, कंपनीचं. त्या मानल्या असत्या. गेले तीन महिने त्या ज्याच्या आधारावर झोपत होत्या, तो आधार तसाच राहिला असता. मारोतीने तोंड उघडलं आणि त्याला चौकातले पोहे आठवले.

"कोणतंबी चालते," तो म्हणाला.

पट्टा फिरत होता. 

"त्यांना कोणी सांगितलं?"

"मी, ताई. फोन आला होता. मी म्हटलं, रिकामी चालवा, बेल्ट वाळंल. मले वाटलं…"  तो रडायला लागला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "किती धावले?"

"एकसष्ट किलोमीटर."

"मी रोज सकाळी देवळात जात होती," त्या म्हणाल्या. "पाऊण तास. त्यांच्याच साठी." मग जसं कामाचं काही सांगावं तसं म्हणाल्या, "दयाराम भैयाला खरं सांगजा. कमी वापरलेली आहे म्हणून मी त्याले फोनवर सांगून बसली."

"ताई, मी…"

"राहू द्या. त्यांच्याजवळ तुमचा फोन नंबर होता, माझ्याजवळ चाबी होती. माझ्यापेक्षा तुमचंच ऐकलं त्यांनी."

त्या देवघरापाशी गेल्या. समईमागचा जगन्नाथ उचलला, त्याच्यावरचं वाळलेलं गंध पदराने पुसलं. मग स्वयंपाकघरात जाऊन, फ्रिजवर जिथे तो पूर्वी असायचा तिथे, गॅसच्या पावतीवर तो चिकटवून दिला.