नऊ नंबरचा बोया

आमच्या तटरक्षक दलाचं बोया-जहाज निवृत्त होणार होतं. खडकांजवळ खुणेसाठी जे मोठे लोखंडी बोये तरंगत असतात, ते उचलायचे, खरवडून रंगवायचे आणि परत जागेवर सोडायचे, हे त्याचं अडतीस वर्षांचं काम. रुंद, संथ आणि कायम चिखलाने माखलेलं, म्हणून सगळे त्याला म्हैस म्हणत. निरोपाच्या कार्यक्रमात वाचायला त्याचा सेवा-इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी दलाच्या दफ्तरात कारकून, आणि बाबा त्या जहाजावर सव्वीस वर्षं तांडेल, म्हणजे डेकवरच्या माणसांचे म्होरके.

परवानगी काढून मी नोंदवह्या घरी आणल्या. बाबा खुशीत होते. कुठल्या कप्तानाला बोट लागायची, कुणाची टोपी बोयावरच राहिली, सगळं रंगवून सांगत होते. चौदाव्या वर्षाच्या वहीत एक ओळ दिसली : 'नऊ नंबरचा बोया सत्तर मीटर पूर्वेला हलवला.' कारणाचा रकाना कोरा.

"बाबा, हा का हलवला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पण परत घातला नाही.

"मुळात चुकीच्या जागी पडला होता. धुकं चढत होतं, माणसं दमली होती. जागा पक्की झाल्याची कप्तानाची हाक यायच्या आधीच मी बोया सोडायला लावला. म्हटलं, थोडा इकडेतिकडे, चालून जाईल. तीन आठवड्यांनी एक मच्छीमार त्या बोयाच्या भरवशावर वळला आणि थेट खडकावर चढला. बोट फुटली. तो आणि त्याचा धाकटा भाऊ पोहत किनाऱ्याला लागले."

"आणि चौकशी?"

"त्याआधीच कप्तानाने बोया सरकवला होता. चौकशीवाल्यांना तो जागेवर दिसला. ही वही कुणी उघडलीच नाही. नावाड्याचा हलगर्जीपणा, असा शेरा पडला. तुझी आई तेव्हा पोटुशी होती. नोकरी जाईल म्हणून मी तोंड शिवून बसलो. पुढे तू शाळेत गेलीस, कामाला लागलीस, तरी गप्पच."

"तो मच्छीमार कोण?"

"जाळी विणतात ते. आंधळेकाका."

काकांचे डोळे ठणठणीत होते. त्यांना असं का म्हणतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून निघाले. मीही सोबत गेले. काका दुकानात जाळ्याचं भोक सांधत बसले होते. बाबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. काकांचा हात थांबला नाही. गाठ पूर्ण करून त्यांनी दोरा तोडला.

"तेव्हा आला असतास तर हाणला असता तुला."

"आता हाण."

"आता खांदा वर जात नाही." काकांनी जाळं बाजूला सारलं. "बोटीचं सोड. माझा भाऊ आजही म्हणतो, सुकाणूवर मला झोप लागली होती. आमचं बोलणं तिथेच तुटलं. त्याच्यासमोर सांग."

मी इतिहासात ती ओळ घातली, कारणासकट. साहेबांनी मसुदा वाचला.

"निरोपाच्या दिवशी हे कशाला?"

"सर, जहाजाचा इतिहास आहे. यातलं वगळलं तर बाकीच्यावर तरी कोणी विश्वास का ठेवावा?"

त्यांनी कपाळाला हात लावला, पण सही केली.

कार्यक्रमात मी त्या ओळीपाशी आले तेव्हा बाबा पहिल्या रांगेतून उठले आणि मागे, त्यांनीच बोलावून आणलेल्या त्या दोघा भावांकडे वळून म्हणाले, "चूक माझी होती. नावाडी जागा होता आणि बरोबर चालवत होता." मी पुढचं वाचलं.

नंतर धक्क्यावर ते दोघे भाऊ शेजारी उभे दिसले.

"म्हणजे तू जागा होतास," धाकटा म्हणाला.

"चोवीस वर्षं दुसरं काय सांगतोय?"

धाकट्याने मान डोलावली. मग म्हणाला, "वहिनीला सांग, रविवारी आम्ही सगळे येतोय."

बाबांचे दोन जुने सोबती त्यांना न भेटताच निघून गेले. जहाजाचं नाव खराब केलं, असं त्यांचं म्हणणं. बाबांना ते लागलं. घरी आल्यावर मात्र त्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि दुपारी गाढ झोपले.