फणसाच्या बाकावरचा नकार

मी एक जुना बाक आहे. उमेळे गावातल्या डॉक्टर दिशा यांच्या दवाखान्याच्या पडवीत माझा मुक्काम असतो. माझा एक पाय जरा आखूड आहे आणि बसायच्या फळीवर कुणीतरी खिळ्याने आपले नाव कोरून ठेवले आहे. तरी मित्रांनो, या गावातली निम्मी दुखणी आधी मला कळतात आणि मग डॉक्टरांना, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मूळचा मी फणस. ज्या वाडीत वाढलो, तिथे आता इमारत उभी आहे. झाड पडले तेव्हा दिशाचे वडील, डॉक्टर तुळशीदास, इथे दवाखाना चालवत. व्हिन्सेंट सुतार त्यांना म्हणाला, "डॉक्टर, ह्याचं बाकडं करून देतो. तुमचे पेशंट म्हातारे होतील, पण हे नाही व्हायचं." त्याने मला रंधा मारला आणि माझा पिवळाधमक रंग बघायला शेजारपाजारचे लोक जमले. तेव्हा मी फार तोऱ्यात होतो. मग स्टीलच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी चपलांच्या कोपऱ्यात झाली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण त्या खुर्च्यांचे नऊ दिवस काही संपेनात.

तेव्हा माझ्यावर नेमाने बसणारा एकच माणूस उरला. तो म्हणजे उमंग. तीस वर्षांचा गडी, जाड भिंगांचा चष्मा, मोगऱ्याच्या कळ्या खुडून हिरवट झालेली बोटे. बसण्याआधी तो माझ्या फळीवर दोन थापा मारतो, बैलाच्या पाठीवर माराव्यात तशा. जन्मापासून त्याची समज सावकाश चालते. सांगितलेले त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, पण पोचते. लोकांना मात्र थांबायला सवड नसते.

उमंगला एक खोड होती. तो सगळ्यांना, सगळ्याच गोष्टींना "हो" म्हणे. मनातून नको असले की तोंडाने "हो" म्हणायचा आणि पाय माझ्या आखूड पायाला घट्ट गुंडाळायचा. ही खूण फक्त मला ठाऊक होती, आणि मला तर बोलता येत नाही.

त्याला साखरेचा आजार जडला. चालू गोळीने तो एकदा मोगऱ्याच्या ओळीतच चक्कर येऊन पडला. त्याच सुमारास दवाखान्यात एका नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला. आजारी माणसांनी ती गोळी घ्यायची, अधूनमधून रक्त द्यायचे, आणि कोणाला ती किती मानवते हे डॉक्टरांनी पाहायचे. उमंगची आई लीला लगेच म्हणाली, "दिशा, माझ्या उमंगला पण घे."

"मावशी, त्याला नाही घेता येत. आपण कशाला हो म्हणतोय हे ज्याला समजतं, त्यालाच घेतात."

"बरं. आणि उद्या ही गोळी बाजारात आली, की त्याला कोणती देशील?"

"हीच देईन."

"किती?"

दिशा खरे तेच बोलली, "अंदाजाने."

"म्हणजे बाकीच्यांना तपासून आणि माझ्या लेकाला अंदाजाने! हा कुठला न्याय गं बाय?"

हे शब्द दिशाच्या जिव्हारी लागले. तिने अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला विचारले. उत्तर आले, उमंगला घेता येईल. पण त्याला कळेल अशा रीतीने समजावून सांगा, आईची संमती घ्या, आणि त्याचा स्वतःचा होकारही खरा असू द्या.

दिशा चित्रे घेऊन माझ्यावर उमंगशेजारी बसली. गोळी घेशील? हो. सुई टोचून रक्त काढू? हो. नको वाटलं तर सोडून जाता येतं, कळलं? हो.

"तुझा चष्मा मला देऊन टाकतोस?"

"हो," म्हणत उमंगने चष्मा काढून तिच्या हातात ठेवला.

दिशाने तो पुन्हा त्याच्या डोळ्यांवर चढवला. "मावशी, या होकाराचा उपयोग नाही. मला याच्या तोंडून नकार ऐकायचाय."

"तो कुठून आणू?" लीला मटकन माझ्यावर बसली. "हो म्हण, शहाणा ना तू, असं आम्हीच त्याला लहानपणापासून शिकवलं. लोकांनी जवळ करावं म्हणून गं." तिचे रडे मी आजवर पुष्कळदा ऐकले होते, पण असे नाही.

मग लीलाने उलटी शिकवणी सुरू केली. डब्यात कारल्याची भाजी आणायची आणि विचारायची, "खाणार?" उमंग म्हणायचा, "हो." तोंड वेडेवाकडे करत सगळी संपवायचा. पाय माझ्या पायाला गुंडाळलेले. मी आतल्या आत कळवळायचो.

एके सकाळी हरेश्वर कंपाउंडर झाडू घेऊन आला. "ऊठ रे उमंग. हे बाकडं आता भंगारवाल्याला देऊन टाकू, काय?" विचारायचे म्हणून विचारले त्याने. उत्तर त्याला पाठ होते.

उमंगचे पाय माझ्या पायाभोवती आवळले गेले. दोन्ही हातांनी त्याने माझी फळी धरली. हरेश्वर झाडायलाही लागला.

"नाही," तो म्हणाला. मग पडवी दणाणेल अशा आवाजात, "नाही! माझं आहे!"

हरेश्वरच्या हातून झाडूच पडला. लीला धावत बाहेर आली, "अजून एकदा म्हण रे राजा!" आणि त्याने म्हटले. मित्रांनो, माझा जीव वाचला हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. आधी मला नुसता आनंद झाला.

दिशा पुन्हा चित्रे घेऊन बसली. गोळीच्या चित्राला उमंग "हो" म्हणाला, पाय जमिनीवर मोकळे. सुईच्या चित्रापाशी तो थांबला. दिशानेही घाई केली नाही.

"आज नाही," उमंग म्हणाला.

दिशाने सुई तशीच आत नेऊन ठेवली. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. आपला शब्द कोणी मानतो, हे त्याला नवीन होते.

"उद्या," तो आपणहून म्हणाला. "इथेच." आणि दुसऱ्या दिवशी माझ्यावर बसून, एका हाताने मला धरून, त्याने दुसरा हात पुढे केला.

गोळी त्याला मानवेल की नाही, अजून कोणालाच माहीत नाही. पण जे कळेल ते अंदाजाने नसेल, आणि त्याच्यासारख्या कितीतरी जणांच्या कामी येईल. मी आता पुन्हा पडवीच्या मधोमध आहे. कारल्याला मात्र उमंग रोज ठणकावून "नाही" म्हणतो आणि लीला कपाळाला हात लावून हसते.

तुम्हालाही कुठेतरी असा एखादा उमंग भेटेल. त्याच्याऐवजी दुसऱ्याला विचारू नका. त्यालाच विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बसायला मी आहेच.