बसणारी जीप

दगडाबाईचं म्हणणं सरळ होतं. माणसाला चौघांनी उचलायचं ते एकदाच, आणि तेव्हा त्याला काही कळत नसतं. कळत असताना कुणी हात लावायचा नाही. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती बुडावर सरकत घरभर हिंडे, चुलीपाशी जाई, उंबरा ओलांडून अंगणात येई. पण उचलून घेऊ म्हटलं की असे डोळे वटारी की सुनेचा, रतनबाईचा, पुढं केलेला हात आपसूक पदर सावरायला जाई.

एरवी तिला जायचं तरी कुठं होतं? पण त्या वर्षी होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. मेंढरं कधीच विकली होती. उरलेली गाय आणि बैलजोडी घेऊन तिचा नवरा म्हाळू केजच्या वाटेवर एका आटलेल्या तलावात जाऊन राहिला होता. तिथं दूध संस्थेनं चारा छावणी उघडली होती, आणि छावणीत जनावरामागं घरचं माणूस लागतंच. दिवाळीनंतर गेलेला म्हातारा होळी झाली तरी परतला नव्हता. गाय दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाही, असा त्याचा निरोप. खरं तर गायीला सोडवत नव्हतं ते म्हाताऱ्यालाच.

इकडं दगडाबाई अर्धी भाकरी ताटात तशीच सारू लागली. पुढं पुढं पाऊण. उभ्या जन्मात नवऱ्याशी दोन शब्द गोड बोललेली नव्हती ही बाई. पण तो गेला आणि तिची भूकही त्याच्या मागं छावणीला गेली. मुलगा बंकट आपल्या जीपमधून घेऊन जातो म्हणाला, तर जीपची पायरी गुडघ्याच्या वर. म्हणजे उचलणं आलं. म्हणजे विषय संपला. बंकट रात्री पडल्या पडल्या एकच विचार करी, की आप्पा तिकडं आणि ही इकडं, अशीच ही एक दिवस विझून गेली तर?

बंकट चौसाळ्याला फिटर होता, घरही दुकानही हमरस्त्याच्या कडेलाच. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे जॅक, पंप, तेलाचे पाइप, हा त्याचा धंदा. ऊसच नव्हता, तर साखर कारखान्याचं धुराडं कशावर पेटणार? सभासदांच्या ट्रॉल्या जागोजाग वाळत पडल्या होत्या. बंकट दुपारभर एखाद्या ट्रॉलीच्या सावलीत अंग टाकी. रस्त्यावर ऊन हलत असे आणि त्या उन्हातून येणारी वाहनं जमिनीला न टेकताच येतात असं वाटे.

अशाच एका दुपारी त्याला स्वप्न पडलं. त्याची जुनी जीप अंगणात चालत आली, इंजिनाच्या आवाजाविना. दगडाबाईसमोर थांबली. मेंढी बसते तशी पुढचे गुडघे मोडून वाकली, मग सावकाश मागचं अंग टेकलं आणि रवंथ करू लागली. माय सरकत सरकत तिच्या पाठीवर जाऊन बसली. तो जागा झाला तेव्हा डोक्यावरच्या ट्रॉलीच्या जॅकमधून तेल हळूच सुस्कारत होतं, आणि त्याला काय करायचं ते कळलेलं होतं.

ट्रॉलीचा जॅक जीपला थोराड झाला असता. पलटी नांगराचा जॅक मात्र बेताचा असतो, मनगटाएवढा. नांगर तरी त्या वर्षी कुठं चालत होते? बंकट गावोगाव फिरला आणि लोकांनी दिले. पंप एका मोडीतल्या ट्रॅक्टरचा. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, आणि चासी यांच्या मधे प्रत्येक चाकापाशी एक जॅक, सगळ्यांचे पाइप ड्रायव्हरच्या पायाशी आणून एका दांड्याला जोडायचे. दांडा पुढं ढकलला की जीपनं बसायचं, मागं ओढला की उठायचं.

शेजारचा राधाकिशन, ज्याच्या दोन ट्रॉल्या तिथंच पडून होत्या, रोज येऊन खाटेवर बसे आणि फुकटचे सल्ले देई.

"बंकट्या, गाडी चालवायची असती बे. तू बसवायलास कावून?"

"मायसाठी."

"रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. चारी जॅक एकदमच खाली सोड की. सरळ काम हाय."

"जनावर असं बसतंय का?" बंकटनं विचारलं. "आधी पुढून बसतंय. मागनं मागचं."

जनावर खरंच तसं बसतं. मेंढरांमागं वाढलेल्या बंकटला बसण्याची दुसरी रीतच ठाऊक नव्हती. त्यानं व्हॉल्व्ह असा लावला की पुढचे दोन जॅक पूर्ण मिटल्याशिवाय मागच्यांतलं तेल सुटायचंच नाही. उठताना उलटं: आधी मागचं अंग, मग पुढचं. कुठल्याही शहाण्या कारागिरानं त्याला वेड्यात काढलं असतं, पण चौसाळ्यात त्या वेळी तसा कुणी शहाणा मोकळा नव्हता.

पहिल्या दिवशी जीप लंगड्या शेळीसारखी एका अंगावर बसली. पाइपात हवा राहिली होती. हवा काढली. मग ती बसली, पण उठेना. रतनबाई म्हणाली, "आता हिला दावं बांधा आन् पेंड चारा." मग एक दिवस जीप मागून उठली, पुढून उठली, आणि चाकांवर थोडीशी झुलत उभी राहिली. राधाकिशन हौसेनं आत बसला होता. मागचं अंग अचानक वर आल्यानं तो पुढं गेला आणि त्याची टोपी काचेवरून बॉनेटवर घरंगळली.

दगडाबाई उंबऱ्यात बसून पाहत होती. कित्येक दिवसांनी ती हसली.

"जनावर मागून उठतंय, एवढं कळंना व्हय? मागं रेलून बसावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी बंकटनं जीप तिच्यासमोर आणून बसवली. जीपची कड उंबऱ्याएवढीच उरली. म्हातारीनं तिच्यावरून हात फिरवला. तापलेला पत्रा, आत कुठंतरी तेलाची बारीक धाप. ती सरकत आत गेली, सीटऐवजी घातलेल्या घोंगडीवर बसली, मागं रेलली आणि म्हणाली, "उठव."

वाट त्या दिवशी लांबली, असं बंकटला पुढं नेहमी वाटायचं. दोन्ही बाजूंना नुसती ढेकळं, बाभळी धुळीनं पांढऱ्या. जीप पाट्यांवर आणि तेलावर अशी झुलत होती की खड्डा लागला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या वाटेत असल्यासारखा वाटे.  एकदा बंकटनं आरशात पाहिलं, तर दगडाबाई पिन लावून पातळ चापूनचोपून घेत होती. म्हातारी नवऱ्यासाठी नटतेय हे पाहून त्याला हसू आलं.

दिवस कलताना ते तलावाच्या कडेला आले. जिथं पाणी असायचं तिथं आता जनावरं होती. नजर जाईल तिथवर गायी, बैल, म्हशी, आणि मधेमधे पाचटाच्या खोपी. सांजेची वैरण, म्हणजे लांबच्या मुलखातून आणलेला ऊस, नुकती पडली होती. हजारो दाढा एकदम हलत होत्या आणि त्यांचा आवाज पाण्यासारखाच येत होता. बंकटनं जीप हळूहळू त्या गर्दीतून नेली. जनावरांनी तिला वाट दिली. आपल्यातलंच कुणी आलं असावं, असं मानून एकानंही मान वर केली नाही.

म्हाळूची खोप दिसली. म्हातारा गायीची पाठ खाजवत उभा होता. वाळला होता, दाढी वाढली होती. बंकटनं जीप त्याच्यासमोर थांबवली आणि छाती फुगवून दांडा पुढं ढकलला.

जीप पुढून वाकली. वाकली आणि थांबली. पुढचं अंग खाली उसाच्या चघळलेल्या पाचटाच्या ढिगावर टेकलं होतं. जॅक पूर्ण मिटले नव्हते, आणि ते मिटल्याशिवाय मागचं अंग हलणार नव्हतं. जीप तशीच राहिली, तोंड खाली, ढुंगण वर. बंकटनं तिला जनावराचं बसणं दिलं होतं, पण बसायच्या आधी जागा बघायची अक्कल द्यायची राहून गेली होती. आजूबाजूचे गडी हसायला लागले. दगडाबाई दोन्ही हातांनी कड धरून घसरण सावरत होती.

"थांब माय, उठवतो. जरा पुढं घिऊन बसवतो."

"किती उठबस करायला लावतूस?" ती म्हणाली. पण ती बंकटकडं पाहत नव्हती. "अवो, बघत काय उभे ऱ्हायलात? घ्या की मला."

म्हाळू क्षणभर गोंधळला. मग पुढं आला, आणि ज्या हातांनी जन्मभर अडलेल्या, लंगडलेल्या मेंढ्या उचलल्या त्याच हातांनी, एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्यांखाली घालून, त्यानं तिला उचललं. तिनं डोळे वटारले नाहीत. त्याच्या मानेत हात घातला आणि म्हणाली, "किती वाळलाव." तोही म्हणाला, "तू काय कमी वाळलीस?"

बंकट जीपखाली गेला. पाचट उपसताना त्याला कळेना, की आपल्याला राग आलाय का आनंद झालाय. इतके दिवस रक्ताचं पाणी करून त्यानं जे लोखंडात बसवलं होतं, ते आप्पानं उभ्या उभ्या केलं होतं. पण आप्पा चौसाळ्यात नव्हता ना. आणि तिनं हात लावू द्यायचं नाही म्हटलं होतं ते सगळ्या जगाला, एकाला सोडून.

वर आला तेव्हा दगडाबाई खोपीपाशी गायीला टेकून बसली होती आणि म्हाळूच्या ताटात जेवत होती. ताट पुसून घेतलं तिनं.

"निघू माय? अंधार पडंल."

"तू जा," ती म्हणाली. "जनावरं निघतील तवा आमी येतो."

त्यानं म्हाळूकडं पाहिलं. म्हातारा गायीच्या कानातली गोचीड काढण्यात फार गुंतला होता.

परतताना जीप हलकी होती आणि उगाच जास्त झुलत होती. घरासमोर आल्यावर बंकटचा हात सवयीनं दांड्याकडं गेला. जीप पुढून वाकली, मग मागून टेकली. रतनबाई दारात आली. तिनं रिकामी घोंगडी पाहिली.

"आत्याबाई?"

"ऱ्हायली तितंच."

"कावून?"

"जेवली पोटभर," बंकट म्हणाला. रतनबाईनं घोंगडी उचलून झटकली. पाऊल टाकायचं होतं ते उंबऱ्याएवढ्याच उंचीवरून, पण बंकटला बराच वेळ जीपमधून उतरवेना.