दोघांची एकच जीभ

माझे आईबाप एकमेकांशी बोलायचे ते माझ्या तोंडाने. बाबा, हायरम टटल, गोरे, दूर पूर्वेच्या व्हरमाँटहून आलेले. या नदीच्या मुखाशी पहिलं लाकडी घर बांधणारे आणि पहिलं दुकान टाकणारे. आई, बिनेसिक्वे, इथल्याच मूळच्या ओजिब्वे लोकांतली. बाबांना तिची भाषा यायची ती दुकानापुरती: कातडं, घोंगडी, बंदुकीची दारू, किती, उद्या ये. आईला इंग्रजी त्याहून कमी. मला वाचा फुटेपर्यंत दोघांनी हातवाऱ्यांवर संसार केला, आणि जुनी माणसं सांगतात, तेव्हा आमच्या घरातून हसण्याचे आवाज फार यायचे. मी बोलायला लागले आणि भांडणं सुरू झाली.

लहानपणी मला याची मोठी ऐट होती. आईने दहा शिव्या दिल्या तर त्यातल्या तीनच मी बाबांना पोचवायची, आणि बाबांचं एक 'बरं झालंय' आईकडे जाईपर्यंत 'फारच छान झालंय' व्हायचं. पण विसाव्या वर्षापर्यंत जीव मेटाकुटीला आला. दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांचं बाबांना आणि बाबांचं गिऱ्हाइकांना सांगायचं, आणि दमून जेवायला बसलं की पुन्हा तेच. ताप आला तरी सुटका नाही. एकदा मी पांघरुणात कुडकुडत असताना ती दोघं माझ्या दोन बाजूंना बसून, मला काय औषध द्यायचं यावर भांडली. माझ्याच तोंडाने!

त्या उन्हाळ्यात इग्नास बेलांजे आमच्या किनाऱ्यावर होड्या बांधायला आला. बाप फ्रेंच, आई ओजिब्वे, हाताला कायम डांबराचा वास. तो मला म्हणायचा, "तुझ्याशी बोलायला बसलं की तिघं समोर बसल्यासारखं वाटतं. तू एकटी कधी भेटणार गं?"

मी त्याला एकटी भेटू लागले. दुसऱ्या कुणाचं काही न सांगता, नुसतं स्वतःचं बोलायचं, यात इतकं सुख असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

तिसरी होडी संपली. आता वारा फिरला की तो सू गावी निघणार होता. तिथे त्याला दोन वर्षांचं काम होतं आणि मला बरोबर न्यायचं त्याच्या मनात होतं. माझ्या मनात तर त्याच्या आधीपासून होतं. त्याने रीतीप्रमाणे हरणाची मांडी आणून आईच्या दारात ठेवली आणि काही न बोलता उभा राहिला. आमच्यात मुलीच्या आईने ते मांस शिजवून त्यालाच जेवायला बसवलं की होकार समजायचा. आईने त्याला एवढं वाढलं की बिचाऱ्याला उठवेना.

"घे अजून, हाडं दिसतायत तुझी," आई म्हणाली. "ही पोरगी काही तुला रांधून घालणार नाही. हिला नुसती बडबड येते."

"तीच तर पाहिजे मला," इग्नास म्हणाला.

आई भांडं चुलीवरून उतरवता उतरवता माझ्याकडे बघून हसली. "माझं झालं. आता तुझ्या बापाला विचार."

इग्नास होडीकडे गेला. दुपारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो तेव्हा मी एका दमात बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबांनी पावाला लोणी लावलं. "इग्नास? माणूस बरा आहे. पीत नाही. जा हवं तर."

इतक्या सहज! मी आईकडे वळणार, तोच ते पुढे म्हणाले, "आणि तिला सांग, तू गेलीस की मी तिलाही तिच्या भावाकडे पोचवतो. चार घोंगड्या देईन, मोठी कढई देईन, पिठाचं पोतं देईन. रिकाम्या हाताने नाही पाठवायचो."

"बाबा, हे काय बोलताय?"

"अगं, तू गेल्यावर आम्ही दोघं बोलणार काय डोंबल? डेट्रॉइटला एक विधवा बाई आहेत. त्यांची दोन पत्रं आलीत. तुझ्या आईशी माझं लग्न काही पाद्र्यासमोर झालेलं नाही. इथे सगळे हेच करतात, लोविना. मी निदान तू मोठी होईपर्यंत थांबलो."

ते रागाने बोलत नव्हते, हेच वाईट होतं. आणि खोटंही नव्हतं. किनाऱ्यावरच्या दोन व्यापाऱ्यांनी गोऱ्या बायका आणून जुन्या बायकांची अशीच पाठवणी केली होती. आईचा भाऊ आता पश्चिमेला आठ दिवसांच्या वाटेवर राहत होता. आणि आमच्या घरामागे माझ्या दोन भावांची थडगी होती, वर लाकडाची छोटी छपरं घातलेली. आई रोज सकाळी पहिला घास तिथे ठेवून येई आणि मगच स्वतः खाई.

"आणि मी थांबले तर?" मी विचारलं.

"तर काय, चाललंय तसं चालू दे. मला कुठे घाई आहे?"

आईने चमचा टेबलावर आपटला. "एवढं लांबण काय लावलंय त्याने? हो की नाही, तेवढं सांग!"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होती. इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं असतं तर आईने मला स्वतः ढकलत नेऊन होडीत बसवलं असतं आणि ती मागे न बघता आठ दिवसांच्या वाटेला लागली असती. मला तिची खोड ठाऊक होती. त्या क्षणी मला दोघांचा इतका राग आला की टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

"नाही म्हणतात," मी आईला सांगितलं. "मला सोडायला तयार नाहीत."

आई उभी राहिली. नवऱ्याच्या तोंडावर, त्याला एक अक्षर कळत नसताना, ती जे बोलली ते मी इथे सांगणार नाही.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"म्हणते, मला सोडून तिला राहवणार नाही. जाऊ नको म्हणते."

"मग एवढी ओरडते कशाला?"

"ती प्रेमाने बोलली तरी तशीच बोलते, बाबा."

"ते मात्र खरं," म्हणून बाबा हसले आणि दुकानात गेले.

ते जाताच आईने माझे कपडे गाठोड्यात बांधायला घेतले. नवे मोकासिन, कातड्याचे मऊ जोडे, वर ठेवले. "त्याचं ऐकायला तू काय त्याच्या दुकानातला माल आहेस? जा, बस होडीत. त्याचं मी बघून घेते."

"कसं बघून घेशील? त्याला सांगणार कोण?"

"काठीने सांगेन!" ती म्हणाली आणि गाठोडं माझ्या हातात कोंबलं.

मी गाठोडं दारामागे ठेवून किनाऱ्यावर गेले. बाबा नाही म्हणाले असं सांगितलं असतं तर इग्नास थेट त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला असता आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी म्हणाले, "मला नाही यायचं."

त्याने डांबराचा ब्रश खाली ठेवला. "हे कोण बोलतंय? तुझी आई की तुझा बाप?"

"मीच बोलतेय."

त्याने पुन्हा एकदा विचारलं असतं तर मी टिकले नसते. त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वारा फिरला.

मी एकटी परत आलेली बघून आईने गाठोडं सोडलं आणि कपडे एकेक करून खुंटीला लावले. "मी तुला रस्ता मोकळा करून दिला," ती म्हणाली. "भित्री निघालीस. बापावर गेलीस."

त्याला आता अकरा वर्षं झाली. आई माझ्याशी कामापुरतं बोलते, बाबांशी तेवढंही नाही. त्यांच्यासाठी एक शब्दही ती माझ्याकडे देत नाही. पण बाबा रोज विचारतात, "काय म्हणते तुझी आई?" काहीतरी सांगावंच लागतं. मी सांगते: गुडघा दुखतो का विचारते. बर्फावर सांभाळून जा म्हणते. तुमच्याशिवाय जेवायला बसत नाही म्हणते. डेट्रॉइटच्या बाईंचं नाव बाबांनी पुन्हा काढलेलं नाही. म्हातारपणी बायकोवर त्यांचा जीव जडलाय.

परवा ते जेवता जेवता थांबले. आईच्या पांढऱ्या झालेल्या केसांकडे बघत म्हणाले, "विचार तिला, माझ्या घरात ती सुखी आहे का?"

मी विचारलं. खरंखुरं, शब्दाला शब्द.

आई ताटातून मान वर न करता म्हणाली, "ज्याने माझी पोरगी कोंडून ठेवली, त्याच्याशी मला काही बोलायचं नाही."

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"हो म्हणते," मी सांगितलं.

बाबांचे डोळे भरून आले. माझा हात थोपटत ते म्हणाले, "बघ पोरी, तू थांबलीस ते किती बरं झालं."