माझ्या पोटात तीन दसरे

मी ठासणीची बंदूक आहे, तेव्हा बोलणार तेही ठासूनच. नीट ऐका, कारण मला एकदाच बोलायची सवय आहे. एक बार काढला की दुसरा भरायला वेळ लागतो आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

सध्या माझा मुक्काम सायखेड्याला, गोरक्षच्या नव्या बंगल्यात. हॉलच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर मी आडवी पडून असते. माझ्यावर निळे लाइट सोडले आहेत. येणारा-जाणारा विचारतो, "ही चालती का हो?" गोरक्ष मिशीवरून हात फिरवत म्हणतो, "आपलं घराणंच बंदूकवाल्यांचं हे." हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे, पण तेवढ्यात चहा येतो आणि विषय तिथंच राहतो.

माझी नळी कुठल्या भट्टीत तापली ते मला आठवत नाही. दस्ता मात्र सुरगाण्याकडच्या शिसवाचा, हे मी कुणालाही सांगते. गोरक्षच्या वडिलांनी, खंडेरावांनी, पिकाच्या राखणीसाठी रीतसर परवाना काढून मला घरी आणलं. गाव त्यांना आप्पा म्हणायचं. गोदाकाठच्या मळ्यात रानडुकरं शिरायची, भुईमूग उकरून ठेवायची. दिवस कलला की आप्पा मला मांडीवर घेऊन बांधाला बसत.

माझं सगळं जेवण तोंडातून. आधी दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, वर आणखी एक बोळा, आणि प्रत्येक घास लोखंडी गजाने ठासून खाली ढकलायचा. घोड्याखाली एक बारीक भोक आहे, त्याला माझा कान म्हणतात. त्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी कानातून पोटात जाते आणि बार उडतो. एका आवाजासाठी एवढा खटाटोप, म्हणून आप्पा जनावर टप्प्यात येईपर्यंत हालायचे नाहीत. कितीतरी वेळा न उडवताच मला परत आणायचे, भरलेला बार ओढून काढायचे आणि घरात सांगायचे, "आज नाय जमलं." असं सरळ सांगणारा पुरुष मी त्यानंतर पाहिलेला नाही.

तसे तेही काही देवमाणूस नव्हते. एकदा डुक्कर समजून त्यांनी शेजारच्या पुंजाची काळी शेळी टिपली. मटण दोन्ही घरांत शिजलं आणि भांडण मिटलं. पुढे मात्र पारावर गोष्ट सांगताना त्या शेळीला सुळे फुटले, आणि दर वर्षी ते थोडे थोडे वाढत गेले.

माझी निगा मात्र त्यांनीच ठेवावी. काळी दारू जळली की मागे काजळी राहते, काजळी ओल धरते आणि ओल लोखंड खाते. म्हणून बार उडाला की नळीत कढत पाणी ओतायचं, गजाला फडकं गुंडाळून आतून पुसायचं, फडकं पांढरं निघेपर्यंत, आणि मग तेलाचा हात द्यायचा. त्यांची बायको अक्काबाई पाणी तापवून देताना पुटपुटायची, "मला कधी इतकं ऊन पाणी दिलं नाय." आप्पांना नेमकं तेवढंच ऐकू यायचं नाही.

गजावर त्यांनी कानशीने एक खाच पाडून ठेवली होती. नळी रिकामी असेल तर गज खाचेपर्यंत आत जातो. खाच बाहेर राहिली तर समजायचं, पोटात काहीतरी आहे. मला हात लावण्याआधी गज घालून बघायचा, हा त्यांचा नियम होता. आप्पा गेले आणि त्यांच्यामागे नियमही गेला.

गोरक्षने द्राक्षात हात घातला, पिंपळगावला पॅकहाऊस टाकलं, दारात टेम्पो उभे केले. शिकारीचा कायदा तोवर कडक झाला होता. ते बरंच झालं. ससे-तितर वाचले आणि गोरक्षचा नेमही झाकला गेला. मध्यंतरी गावच्या उसात बिबट्या शिरला तेव्हा लोकांनी मोठ्या आशेने त्याला हाक मारली. तो मला घेऊन गच्चीवर उभा राहिला आणि जिन्याचं दार आतून लावून घेतलं. वनखात्याच्या माणसांनी पिंजरा लावून बिबट्या नेला. दुसऱ्या दिवशी, पिंजरा होता त्या जागी उभं राहून, गोरक्षने माझ्यासोबत फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'वारसा'. आप्पांचा गज आता हॉलच्या खिडकीला पडद्याची दांडी म्हणून लावला आहे. फक्त दसऱ्याला तो खाली उतरतो.

दसऱ्याला घरात शस्त्रपूजा असते. गोरक्षची बायको लताबाई मला अगदी मनापासून पुजते. झेंडूची माळ घालते, नारळाचं पाणी शिंपडते, ओलं हळदकुंकू लावते. लावायचं कुठे, हा प्रश्न होता. बाईला माझा कान सापडला. दर वर्षी ती तिथंच बोट दाबून हळदकुंकू भरते आणि मी वर्षभर बहिरी होते.

पूजा झाली की अंगणात हवेत बार काढायचा, ही गोरक्षची हौस. परवाना असला तरी हा गुन्हा आहे. पण परवाना त्याने फ्रेम करून लावला आहे, वाचलेला नाही. पहिल्या वेळी त्याने मला भरलं, चाप ओढला, टोपी 'फट्' झाली आणि पुढे काहीच नाही. "दारू सर्दाळली," म्हणाला आणि मला तशीच भरलेली टांगून ठेवली. पुढच्या दसऱ्याला जुन्या बारावर नवा ठासला. पुन्हा तेच.

खरं सांगायचं आहे ते गेल्या दसऱ्याचं. गोरक्षची मुलगी निकिता हिला पसंत करून गेलेले पाहुणे विंचूरहून येणार होते. होणारे व्याही नवनाथराव स्वतः येणार, म्हणजे बंदूकवाल्यांच्या नावाचा प्रश्न. आदल्या दिवशी गोरक्षने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, सुई घेतली आणि माझा कान कोरून साफ केला. सकाळी घाईघाईने पडदा उतरवून गज काढला आणि तिसरा बार ठासला. गजाची खाच वीतभर बाहेरच राहिली.

"पप्पा, ही खाच कसली?" निकिताने विचारलं.

"आप्पांनी नक्षी काढलीय," तो म्हणाला.

तेव्हा मी घाबरले. पोटात तीन बार आणि ठिणगीला वाट मोकळी. आता चाप ओढला की छर्रे पुढे जाणार नाहीत, नळीच फाटेल. आधी बापाचा हात जाईल. आणि निकिता मोबाइल धरून त्याच्या खांद्याला खेटून उभी राहणार, तिचा गाल माझ्या कानापाशी. लहानपणी ही पोर, भाऊ नाही म्हणून, राखी माझ्या दस्त्याला बांधायची. मी बाई आहे हे तिला कोण सांगणार? माझा तिच्यावर जीव आहे. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

दारात गाडी वाजली. गोरक्ष पाहुण्यांना घ्यायला धावला. तेवढ्यात लताबाई ताट घेऊन आली, माझ्यासमोर बसली, डोळे मिटले आणि नेहमीच्या जागी बोट दाबलं. वर नारळाचं पाणीही सोडलं, या वेळी जरा जास्तच, लेकीचं ठरत होतं म्हणून.

पाहुणे अंगणात आले. गोरक्षने टोपी बसवली, मला आभाळाकडे धरलं, छाती फुगवली आणि चाप ओढला.

फट्.

"फुसका बार निघाला की, गोरक्षराव," नवनाथराव म्हणाले आणि अंगण हसलं. हा शब्द आप्पांच्या काळात कुणी माझ्याबद्दल काढला असता तर मी लाजेने गंजले असते. त्या दिवशी मी तो आनंदाने पदरात घेतला.

गोरक्षने कान पाहिला. बोटाला हळदकुंकू लागलं. पाहुण्यांसमोरच तो बायकोवर कडाडला, "नाक कापलं तू माझं. भोकात कशाला भरती?"

"मला कपाळ वाटलं," लताबाई म्हणाली. "हळदकुंकू लावताना भोकं बघत्यात का कुणी?"

लग्न मात्र झालं. पाहुण्यांना मुलगी हवी होती, आवाज नको होता.

आता पुन्हा दसरा आला आहे. निकिता नवऱ्याला घेऊन पहिल्यांदाच सणाला येणार आहे. गोरक्षने काल सुई फिरवून माझा कान लख्ख केला, नवी दारू आणून ठेवली आणि घरात बजावलं, "यंदा बंदुकीला कुणी हळदकुंकू लावायचं नाय." तिन्ही बार अजून माझ्या पोटात आहेत.

तेव्हा सायखेड्याला आलात तर खुशाल चहा घ्या. पण आधी तो पडदा उतरवा, दांडी माझ्या तोंडात घाला आणि खाच कुठे थांबते ते गोरक्षला दाखवा. जावयासारख्या पाहुण्यासमोर हे बरं दिसणार नसेल, तर आत जाऊन लताबाईला हळूच एवढंच सांगा: बाई, नवऱ्याचं ऐकू नकोस. लाव हळदकुंकू, चांगलं बोट दाबून लाव.